मैलाला एक आणा

फोंडाघाटातल्या ट्रकांवर क्लीनर म्हणून अर्धं आयुष्य काळं केलेला सत्यवान घाडी एकदाचा ड्रायव्हर झाला, तेव्हा त्याचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. शेठने विचारलं होतं, महिना ऐंशी घेतोस, की मैलाला एक आणा? दिवस चैत्राचे. आंब्याच्या पेट्या घेऊन रोज एक गाडी घाट चढून कोल्हापूर गाठत होती. जाऊन येऊन शंभर मैल, म्हणजे रोजचे सहा रुपये! गड्याने क्षणाचाही विचार न करता आणा घेतला.

म्हातारा ड्रायव्हर नुरुद्दीन महिन्याच्या पगारावर होता. तो म्हणाला, "सत्या, म्हयनो धर रे. मैल गाडी धावता तेवाच. पोट बारा म्हयने धावता."

म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय, असं सत्यवानाला वाटलं. माणसाला सुखाची घाई झाली की शहाणपण शत्रूसारखं दिसतं.

आणि त्याला घाई होतीच. त्याची बायको रुक्मिणी तीन वर्षं गिरगावात एका घरी वरकाम करून पैसे पाठवत होती. लहानगी मुलगी इकडे सत्यवानाच्या आईकडे, हौसाबाईकडे. सत्यवानाने मुंबईला जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडला, "काम सोडून ये. आता मी मिळवतंय." रुक्मिणीने काम सोडलं आणि पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट पकडून आली.

जूनमध्ये आंबा संपला. बंदर बंद झालं, मीठ आणि सुकी मासळी यायची थांबली. शेठच्या अंगणात गाड्या ओळीने उभ्या राहिल्या. दर पावसाळ्यात त्या अशाच उभ्या राहत. पण क्लीनरला तेव्हाही पगार नि जेवण मिळे, आणि सत्यवान गाडीखाली पत्ते कुटत बसे. उभ्या गाडीचा मैल होत नाही, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. गाढवपणा, दुसरं काय!

तो शेठकडे गेला. शेठ म्हणाला, "तूच निवडलंस ना? पगारी जागा आता भरली." तिकडे गिरगावातलं काम दुसऱ्या बाईने धरलं होतं, आणि परत जायला बोटही नव्हती. रुक्मिणी लोकांच्या शेतात लावणीला जाऊ लागली. घरात एक वेळ पेज, तीही पातळ. पण पोरगी हळूहळू आईच्या कुशीत झोपायला लागली, आणि आई पुन्हा जाणार हे ठाऊक असलेल्या सत्यवानाला तेच बघवेना.

श्रावण सरला, बोटी सुरू झाल्या. ओळखीच्या बाईने मुंबईत दुसरं घर बघून दिलं. देवगडच्या धक्क्यावर सत्यवान म्हणाला, "दिवाळीनंतर गाडी धावतली गो. मगे बोलयतंय तुका."

रुक्मिणीने पोरीला त्याच्या कडेवर दिलं. "बोलवू नकात," ती म्हणाली. "तुमी बोलवलात तर माझ्यान रवाचा नाय. मी येतलंय, आणि पोर परत उपाशी रवात."

दिवाळीनंतर गाड्या खरंच सुटल्या. सत्यवान घाट चढत-उतरत राहिला, हातात चार पैसेही खुळखुळू लागले. मुंबईला निघालेला एक शेजारी विचारायला आला, "वयनीक काय सांगू?"

सत्यवानाने पोरीला कडेवर उचललं.

"आमी बरे आसंव, इतक्याच सांग," तो म्हणाला.