विंगेतून आलेलं अठ्ठावन्न

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. हवा कोरडी. गुडघा बरा. उद्या दहा वाजता शंकासूरचा प्रयोग, मोठ्या हॉलमध्ये. मखमलीचा तुकडा धुऊन वाळवला, इस्त्री केली. फार मळला होता, चार माणसांपुढे तसा कसा न्यायचा? इस्त्रीची वायर तापते. सूनबाईंना सर्दी, काढा घ्या म्हटलं, ऐकत नाहीत.

एवढं लिहून विंगवहिनींनी पेनाला टोपण घातलं आणि डायरी उशीखाली सरकवली.

विंगवहिनी हे काही कुणी पाळण्यात ठेवलेलं नाव नव्हे. त्यांचे यजमान एका नाटक कंपनीत दिवे सांभाळायचे. सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून या वहिनी. आणि वहिनींची जागा विंगेत, रंगमंचाच्या कडेच्या पडद्याआड, मांडीवर नाटकाची वही आणि हातात लहानशी बॅटरी. नट अडला की पुढचे दोन शब्द असे सोडायचे की त्याला ऐकू जावेत आणि पहिल्या रांगेला जाऊ नयेत. ही विद्या त्यांना शाळेत मिळाली होती. कॉन्व्हेंटमध्ये वर्गात बोलायला सक्त मनाई, त्यामुळे सगळ्या मुली कुजबुजण्यात तरबेज झालेल्या, आणि त्यांत वहिनींचा नंबर पहिला. डायरीची सवयही तिथलीच. सिस्टर सांगायच्या, रोज लिहा, तारीख घाला, रडगाणं नको.

शब्द सोडणं सोपं. कधी सोडायचा ते कळणं अवघड. कसलेला नट मध्येच थांबतो, सगळं नाट्यगृह श्वास धरून बसतं, आणि अशा वेळी विंगेतून वाक्य आलं तर त्या थांबण्याची माती होते. वहिनींकडून अशी माती कधी झाली नाही. त्यांची खूण साधी होती. त्या नटाच्या गळ्याकडे बघायच्या. "विसरलेला माणूस गिळतो," त्या नव्या मुलींना सांगायच्या, "थांबलेला गिळत नाही." कंपनीतला सगळ्यात नाठाळ नटसुद्धा म्हणायचा, "वहिनी आहेत ना विंगेत? मग मी बिनघोर."

पुढे दादा गेले, कंपनी बंद पडली, आणि दर्शनी पडदा कापून ज्याला त्याला आठवण म्हणून तुकडे वाटले. वहिनींच्या वाट्याला आलेला मखमलीचा तुकडा कपाटात घडी होऊन पडला होता. तो बाहेर काढला नातीने.

नात नववीत. घरात तिला शंकासूर म्हणत, कारण तोंड उघडलं की प्रश्नच बाहेर पडायचा. तिने आंतरशालेय विज्ञान स्पर्धेसाठी लांबट लाकडी पेटी केली होती. पेटीच्या एका टोकाला कर्कश वाजणारा बझर, दुसऱ्या टोकाला माईक आणि छोटा पडदा, त्यावर आवाजाचा आकडा उमटायचा. मधे वेगवेगळी कापडं लटकवायची आणि कोणतं कापड आवाज जास्त अडवतं ते बघायचं. रस्त्याकडेच्या घरांना जुन्या कापडातून स्वस्तात आवाजाची आडकाठी करता येईल, असं तिचं म्हणणं. काही न लावता आकडा यायचा ऐंशी. आजीची मखमल लावली की अठ्ठावन्न. बाकी सगळी कापडं मखमलीपुढे पाणी भरत होती.

वहिनींचा गोंधळ पहिल्या दिवसापासूनच होता. नात म्हणाली, "आजी, आज प्रयोग केला," आणि वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "प्रेक्षक किती होते?"

"आजी! तसला प्रयोग नाही."

"मग कसला? आमच्यात प्रयोग म्हणजे तिसरी घंटा आणि पडदा वर."

"यात पडदा खाली असतो," पोरगी हसत म्हणाली, "आणि घंटा एकच. बंदच होत नाही."

तरी भाषणाच्या तालमी वहिनींनीच घेतल्या. "परीक्षकांना नमस्कार" पासून "मखमलीने आकडा अठ्ठावन्नवर आणला" पर्यंत सगळं त्यांना पोरीआधी पाठ झालं. या स्पर्धेतून तिघांनाच पुढच्या फेरीला पाठवणार होते, आणि नातीने त्या फेरीचा ध्यास घेतला होता. तिथे म्हणे खऱ्या प्रयोगशाळेत आठवडाभर काम करायला मिळतं.

शनिवारी हॉलमध्ये पाऊल ठेवलं आणि वहिनींना क्षणभर नेपथ्य लावायच्या दिवसाची आठवण झाली. जमिनीवर पट्ट्या चिकटवलेल्या वायरी, ठोकाठोकी, कुणाचा तरी सेलोटेप हरवलेला. एक चाकांचा यंत्रमानव टेबलांच्या पायांना धडका देत फिरत होता आणि त्याचा निर्माता मागून "सॉरी, सॉरी" करत धावत होता. प्रत्येक टेबलामागे कापडी आडोसा. पालकांना मात्र भिंतीलगतच्या खुर्च्या.

वहिनींचे पाय खुर्च्यांकडे वळलेच नाहीत. आडोसा दिसला आणि ते आपोआप त्याच्या मागे गेले.

"आई, अहो तिथे कुठे?" सून नाक पुसत म्हणाली. "पालकांनी खुर्चीवर बसायचंय."

"मी कुठे पालक? मी आजी."

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही," म्हणत सून खुर्चीवर जाऊन शिंकली.

परीक्षक आले. एक पांढऱ्या मिशांचे, खिशाला तीन पेनं लावलेले. दुसऱ्या एक तरुण इंजिनिअर बाई, हातात गुणांचे कागद. नात छान बोलली. शब्द सुटे, आवाज मोकळा. वहिनी कापडाच्या फटीतून बघत होत्या आणि ओठांनी सोबत करत होत्या. रिकामी पेटी वाजली, ऐंशी. चादर लावली, आकडा थोडा उतरला. मग पोरीने मखमल उलगडली. काय देखणी दिसत होती! एक सुरकुती नाही. वहिनी मनात म्हणाल्या, बघा, याला म्हणतात तयारी.

"आणि आता मखमल," नात म्हणाली, आणि बझर दाबला.

मग ती थांबली.

पडद्याकडे बघत राहिली. परीक्षक वाट बघत होते. पोरीने आवंढा गिळला.

गिळला! वहिनींना दुसरा पुरावा नको होता. त्यांनी फटीशी तोंड नेऊन जेमतेम टेबलापर्यंत पोचेल एवढा आवाज काढला, "अठ्ठावन्न."

पोरगी हलली नाही. घाबरली बिचारी, वहिनींना वाटलं. त्यांनी आवाज केसभर वाढवला. "अठ्ठावन्न!"

इंजिनिअर बाईंनी मान वळवली. "कोण आहे तिकडे?"

इतक्या वर्षांत प्रेक्षकांना वहिनींच्या चपलेचं टोकसुद्धा दिसलं नव्हतं. आता त्या आडोशाबाहेर आल्या आणि उजेडात कुठे उभं राहायचं ते न कळून टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"तुम्ही मार्गदर्शक?"

"नाही हो. मी प्रॉम्प्टर."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं.

"पोरीची काही चूक नाही," वहिनी घाईघाईने म्हणाल्या. "विसरली म्हणून मी आठवण दिली. एवढं तर चालतंच."

"मी विसरले नव्हते, आजी!" नातीचा चेहरा लाल झाला होता. "मी विचार करत होते. अठ्ठावन्न यायला हवं होतं. हे बघ ना, सदुसष्ट आलंय."

वहिनींनी पाहिलं. खरंच सदुसष्ट. पण वाक्यात तर अठ्ठावन्न होतं! नटाच्या हातात वहीतल्या पत्राऐवजी दुसरंच पत्र आलं, तरी तो वहीतलंच वाचतो. त्यात विचार कसला करायचा?

मिशीवाले पुढे वाकले. "मग सदुसष्ट का आलं?"

"माहीत नाही, सर," नात म्हणाली.

वहिनींच्या पायांखालची जमीन सरकली. भर रंगमंचावर "माहीत नाही"! पण मिशीवाल्यांनी नुसती मान डोलावली, जणू पोरीने बरोबर वाक्य घेतलं होतं. "दुपारी आम्ही पुन्हा फेरी मारू. सापडलं तर सांग." इंजिनिअर बाईंनी मात्र कागदावर काहीतरी लिहिलं, आणि वहिनींकडे न बघता पुढच्या टेबलाकडे गेल्या.

"आई, चला," सून म्हणाली. आवाज खाली, म्हणजे राग वर. "हौस भागली ना? बसा आता बाहेर."

बाहेरच्या बाकावर बसून वहिनींनी सगळा प्रसंग पुन्हा पुन्हा उलगडला. पोरीने आवंढा गिळला, हे नक्की. गिळला म्हणजे विसरली. पण ती तर म्हणते विसरले नव्हते. मग विचार करणारेही गिळतात की काय? तसं असेल तर इतकी वर्षं आपण कुणाकुणाच्या विचारात वाक्यं फेकली? नट लोक तर पाया पडायचे. की ते भिडेखातर? वहिनींनी स्वतःशी एक आवंढा गिळून पाहिला. त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

आत नातीची धांदल चालली होती. सेल बदलले, माईक बदलला, पेटीच्या फटी मेण लावून बुजवल्या. आकडा हटून सदुसष्टच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. शेवटी पोरगी हातात मखमल घेऊन बाहेर आली आणि उजेडाकडे धरून बघत राहिली.

"आजी, हा तुकडा असा सपाट कसा झाला?"

"सपाट काय म्हणतेस? नीट झालाय. धुऊन इस्त्री केली काल."

"इस्त्री?"

"मग? चुरगळलेला घेऊन उभी राहणार होतीस लोकांसमोर?"

वहिनींना वाटलं, आता ही रडणार किंवा ओरडणार. पोरीने दोन्हीतलं काही केलं नाही. ती मखमल मुठीत गोळा करत होती, सोडत होती, पुन्हा गोळा करत होती.

"म्हणजे नुसती मखमल नाही," ती पुटपुटली. "आधी याला खोल चुण्या होत्या. तेवढ्याच जागेत कापड जास्त मावत होतं. आवाज त्यात अडकत होता. आजी, तू चुण्या घालवल्यास!"

"चूक झाली का गं माझी?"

"हो. नाही. म्हणजे झाली, पण थांब. टाचण्या आहेत तुझ्याकडे?"

वहिनींच्या पिशवीत सेफ्टी पिनांची अख्खी माळ होती, कंपनीच्या दिवसांपासून. त्या उठल्या. "चल, मी घालून देते चुण्या, मला सवय—"

"पिना दे. तू येऊ नकोस!"

पोरगी पळाली. दारात उभ्या असलेल्या सुनेला हसू आवरेना, आणि हसता हसता तिला पुन्हा शिंका आल्या. "या आई, इथे बसा. खुर्चीवरून प्रयोग बघायचा कधी योग आलाच नसेल तुम्हाला."

आला नव्हता, हे खरंच. दुपारची फेरी वहिनींनी भिंतीलगतच्या खुर्चीवरून पाहिली. ऐकू काही येत नव्हतं. नात पिना लावलेली मखमल दाखवत होती, हात हलवत होती, मध्ये थांबत होती. थांबली की वहिनींची बोटं खुर्चीच्या कडेला घट्ट होत. मिशीवाले काहीतरी विचारत होते, पोरगी मान हलवत होती, ती होकाराची की नकाराची ते एवढ्या लांबून कळेना.

निकाल लागला. तिघांची नावं वाचली, त्यांत शंकासूर नव्हती. ती चौथी होती. एकसष्टपर्यंत आकडा खाली आणला होता, कारणही सांगितलं होतं, पण "बाहेरची मदत" या नावाखाली कापलेले गुण भोवले. वहिनी तडक मिशीवाल्यांपुढे गेल्या.

"आगाऊपणा माझा. गुण तिचे का कापले?"

"आजी, मदत तिच्या टेबलावर पोचली ना," ते शांतपणे म्हणाले. "पण मुलीला सांगा, पुढच्या वर्षी हीच पेटी आण. किती चुण्यांना किती आकडा, ते काढून."

नात स्वच्छतागृहातून आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. हॉलच्या पायऱ्या ती पेटी छातीशी धरून उतरली. पण चौकापर्यंत पोचता पोचता तिची टकळी सुरू झाली. दाट चुण्या, विरळ चुण्या, आडव्या घातल्या तर काय, चादरीला घातल्या तर चादर मखमलीला हरवेल का. वहिनी चक्रावल्या. कंपनीत प्रयोग पडला की परतीच्या गाडीत कुणी कुणाचं तोंड बघत नसे. इथे तर हरलेली नटी नाचायची बाकी होती.

"अगं बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "एकदा काय ते सांग. हा तुझा प्रयोग पडला की रंगला?"

नात सिग्नलपाशी थांबली. तोंड उघडलं, मिटलं. आवंढा गिळला.

वहिनींच्या जिभेवर दोन शब्द तयार होते. पडला म्हणावं, की रंगला? त्यांनी ओठ मिटून घेतले. सिग्नल हिरवा झाला, माणसं रस्ता ओलांडून गेली, पुन्हा लाल झाला. सून काही बोलणार, तेवढ्यात वहिनींनी तिचा हात दाबला.

"आजी," नात म्हणाली, "घरात आणखी काय काय इस्त्री केलंयस तू?"

शनिवार, २२ नोव्हेंबर. हवा तशीच. शंकासूर चौथी. मखमलीला तिच्या पिना आहेत, कुणी काढू नयेत. सूनबाईंनी काढा घेतला. इस्त्री दुरुस्तीला टाकली, बुधवारी मिळेल.