पटक्यासकट उंची

आसारामभाऊंची पाव फुफ्फुसं मी एका दुपारी पेन्सिलीनं नाहीशी केली. डॉक्टरांना जमत नाही ते कारकुनाला जमतं.

साल बहात्तर. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी हजेरी लिहीत असे. रस काढून उरलेल्या उसाच्या भुशाचे डोंगर मागच्या आवारात रचलेले. त्या धुळीत राबणाऱ्यांचा दम तपासायला पुण्याहून एक डॉक्टर आले. त्यांचं यंत्र म्हणजे पाण्यात उपडी घातलेली टाकी. नळीत जोरानं फुंकलं की टाकी वर उचलली जाई आणि लेखणी कागदावर रेघ ओढी. किती लिटर हवा निघाली ते रेघ सांगे. पण ती पुरेशी की कमी, हे ठरे छापील तक्त्यावरून. तक्त्याला वय लागे आणि उंची लागे. ती लिहायची मी.

आसारामभाऊ जामखेडकडचे. वय विचारलं तर म्हणाले, "तुमीच बघा की अंदाजानं." मी चाळीस लिहिलं. उंचीसाठी पटका उतरवायला हवा होता. पण घरात कुणी गेल्याशिवाय हा माणूस चारचौघांत डोकं उघडं करणार नाही, हे मला ठाऊक. मी पटक्याच्या माथ्यावरच पट्टी टेकवली. साडेपाच फूट!

तक्ता म्हणाला, एवढ्या माणसानं साडेतीन लिटर फुंकावं. भाऊंचे भरले दोन पूर्णांक सहा.

"शंभरात चौऱ्याहत्तर," डॉक्टर म्हणाले. "ऐंशीच्या खाली. धुळीचा आजार असू शकतो. नगरला छातीचा फोटो काढावा लागेल."

"मॅट्रिकला मला एवढे पडते तर वडिलांनी पेढे वाटले असते," मी म्हणालो. भाऊ हसले नाहीत. त्यांचे थोरले बंधू याच भुशावर खोकून खोकून गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको मुक्ताबाई ऑफिसच्या दारात उभ्या.

"भाऊसाहेब, काय लिवलंय वो त्या कागदावर? मानूस जेवत न्हाई. ताट-तांब्या येगळा केलाय. उंबऱ्याभाईर बसून नुसता श्वास मोजतोय. काल मला म्हनले, माझ्या मागं शेळी इकू नगंस."

त्या संध्याकाळी मी घरी न्हाणीघराचं दार लावून बादलीत फुंकून पाहिलं. माझे किती लिटर भरले असते, कोण जाणे.

तिसऱ्या सकाळी धीर द्यायला त्यांच्या खोपीवर गेलो, तर भाऊ नुकते आंघोळीवरून उठलेले. उघड्या डोक्याचे भाऊ जेमतेम माझ्या कानाला लागत होते, आणि केस पांढरेफटक!

"आदी तोंड फिरवा!" ते ओरडले.

मी पाठमोरा झालो आणि विचारलं, "भाऊ, अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत तुम्ही जन्मला होता?"

"पाळन्यात हुतो की. माय त्यातच गेली."

म्हणजे चोपन्न वर्षं. मी चौदा चोरली होती.

भाऊंना घेऊन ऑफिसात पोचलो, तेव्हा डॉक्टरांचं यंत्र जीपमध्ये चढत होतं. मी सगळं कबूल केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते आठवून अजून मान खाली जाते. मला बाहेर काढून, दार लावून त्यांनी भाऊंची उंची घेतली. पाच फूट दोन इंच.

दार उघडून म्हणाले, "फुंक तीच, चूक मापाची. वय वाढलं, उंची घटली, की तक्त्याची अपेक्षाही उतरते. यांना पावणेतीन लिटर पुरे. शंभरात पंच्याण्णव! पण भुशावर तोंडाला फडकं बांधा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा फुंका."

"आन तवा कमी भरलं तर?" भाऊंनी विचारलं.

"तर तिथून हलवायला सांगेन," डॉक्टर म्हणाले, आणि जीप गेली.

भाऊ आवाराकडे बघत उभे राहिले. वाऱ्यानं भुसा उडत होता. पटक्याचं सुटलेलं टोक त्यांनी घट्ट खोचलं.

मी म्हणालो, "चुकलं माझं, भाऊ. राग नाही ना धरलात?"

"धरलाय. सोडनार बी न्हाई."