हबशीआळीचा पुरावा

सरकारी काम एका दिवसाचं असतं, आणि ते व्हायला दोन वर्षं लागतात. मधल्या काळात पदरात काही पडत नाही, पडतात ते फक्त किस्से! माझ्याकडे इतके साचलेत, की कल्याणात कुठंही चहाला बसलो तरी कुणीतरी म्हणतंच, "उस्मानभाई, तो भाल्याचा सांगा ना!" सांगतो. पण सुरुवातीपासून ऐकायचं. मधूनच उठून जाणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

कल्याणच्या खाडीजवळ आमची हबशीआळी. वीस-बावीस घरं, एक विहीर, एक पीर. आमचे पूर्वज कधीतरी आफ्रिकेतून जहाजानं आणलेले. आपण होऊन आले नव्हते, एवढं सगळ्यांना ठाऊक. आता आम्ही भाषेनं, भांडणानं आणि भाजीतल्या तिखटानं पक्के कल्याणकर!

तर झालं असं, की आळीला लागून लाकडाची मोठी वखार. मालक बाळकृष्णशेठ. त्यांना वखार वाढवायची होती, म्हणून त्यांनी अर्ज ठोकला की हबशीआळी ही काल-परवा झालेली बेकायदा वस्ती आहे, ती उठवावी. मामलेदारसाहेबांनी आम्हांला बोलावून सांगितलं, "वस्ती तीस वर्षांपूर्वीची आहे असं दाखवा, कुणी हात लावणार नाही. नाहीतर पावसाळ्याआधी घरं मोकळी करा. आणि आळीतल्या माणसांची साक्ष चालणार नाही हं, बाहेरचा पुरावा पाहिजे."

बाहेरचा म्हणजे कुणाचा? आजूबाजूचे निम्मे लोक शेठच्याच वखारीत कामाला!

मग आमची चौघांची कमिटी झाली. मी, कारण मालधक्क्यावर चिठ्ठ्या लिहायचो म्हणून शिकलेला. याकूबचाचा, जन्मभर आगबोटीच्या भट्टीत कोळसा ओढलेला म्हातारा. हलीमाखाला, ढोल वाजवणारी आणि कुणालाही न भिणारी. आणि शेजारच्या आळीतले गणूमास्तर, कारण त्यांचं मोडी अक्षर फार सुंदर.

* * *

ते अक्षरच पहिल्यांदा नडलं!

मास्तरांनी अर्ज लिहिला. मामलेदारसाहेबांच्या किताबांनी सुरुवात. मग त्यांच्या प्रकृतीची चौकशी. मग त्यांच्या न्यायबुद्धीची स्तुती. मग त्यांच्या चिरंजीवांना आशीर्वाद. एक अख्खा ताव भरला.

मी म्हटलं, "मास्तर, आळीचं काय?"

"अहो, एकदम मुद्द्यावर येणं बरं दिसत नाही. ते दुसऱ्या तावावर."

दुसरा ताव कचेरीत कुणी उलटलाच नाही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, "आपल्या शुभेच्छा पोचल्या. आभारी आहोत."

मास्तर खूश! म्हणे, "बघा, साहेब किती सभ्य आहेत." ते उत्तर त्यांनी भिंतीला लावलं.

* * *

पुढे माणसं मोजायला एक तरुण कारकून आला. नाक वर, वही खाली. पहिलीच गाठ याकूबचाचाशी.

"मूळ गाव?"

"हीच आळी. मी त्या तिसऱ्या घरात जन्मलो."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी आईच्या पोटात."

कारकून वैतागला. "अहो, पण ते पोट कुठं होतं?"

"तिसऱ्याच घरात! मोठं झाल्यावर तिला चालवत नव्हतं."

कारकुनानं लिहिलं, 'मूळ गाव माहीत नाही.' चाचांनी मला ते वाचायला लावलं. मग कारकुनाला विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं, रावसाहेब?"

"देवरुख."

"कधी गेलेलात?"

"मी नाही गेलेलो. आजोबांचे आजोबा तिथून आलेले, असं म्हणतात."

चाचा एकदम खूश. "अरे मग आपण सारखेच की! लिही बाबा, तुझ्याही पुढं लिही!"

* * *

आता तो भाल्याचा.

मास्तरांना कुणीतरी सांगितलं की फोटो हा आजकाल मोठा पुरावा धरतात. योगायोगानं मुंबईचा एक फोटोवाला निरनिराळ्या जमातींचे फोटो काढत हिंडत होता, आणि तोही फुकट! आम्ही त्याला बोलावलं. अख्खी आळी नटली. याकूबचाचांनी विलायतेच्या बंदरात घेतलेला काळा कोट घातला, टोपी घातली, वर छडी.

फोटोवाला बघतच राहिला. "हे नाही चालणार. तुम्ही हबशी दिसत नाही."

मी तर खवळलोच. चाचा मात्र थंडपणे म्हणाले, "मग कसे दिसतो?"

त्यानं पेटीतून चित्त्याचं कातडं काढलं आणि दोन भाले. एका नाटक कंपनीकडून आणलेले, टोकाला रुपेरी कागद! म्हणाला, "कोट काढा, हे पांघरा. आणि जरा दात विचकून, उग्र."

चाचांनी तोंड उघडून दाखवलं. दात एकही नव्हता.

मी म्हटलं, "चाचा, हाकलून देऊ याला." ते म्हणाले, "आळी वाचत असेल तर मी शेपूटसुद्धा लावतो." आणि राहिले ना उभे, भाला धरून. तोही उलटा.

तेवढ्यात फोटोवाल्याला मागची घरं खटकली. कौलं, तुळई, वाळत घातलेली लुगडी, जंगल वाटेना. म्हणून त्यानं सगळ्यांना उचलून लाकडांच्या राशींपुढं उभं केलं. महिन्यानं फोटो आला. सुरेख! आळीचा एक कोपरासुद्धा त्यात नाही. पुरावा मिळाला खरा, पण बाळकृष्णशेठच्या वखारीचा!

* * *

पिराच्या कोनाड्यात एक लाकडी डबा होता. त्यात जुन्या राजवटीची सनद आहे असं आम्ही लहानपणापासून ऐकायचो. आणि उघडेल तो आंधळा होईल असंही.

चाचा म्हणाले, "माझा एक डोळा तसाही गेलेला. अर्ध्याच नुकसानीत काम होईल."

उघडला. आत खरंच कागद! मोडीत! मास्तर पुढं सरसावले. त्यांनी वाचलं. सनद नव्हती, आळीच्या विहिरीला कठडा बांधून द्यावा म्हणून कुण्या वाडवडिलांनी केलेला अर्ज होता. म्हणजे आमच्या मागच्या पिढ्यांचेही अर्ज वायाच जायचे! पण आळीचं नाव होतं, विहीर होती, गावकऱ्यांची नावं होती. पळतच कचेरीत गेलो.

मामलेदारांनी कागद उजेडात धरला. "तारीख?"

तारखेच्या जागी भोक. वाळवीनं बाकी एक अक्षर खाल्लं नव्हतं.

साहेब म्हणाले, "वाईट वाटतं, पण बिनतारखेचा कागद मी कसा धरू?"

परत येताना चाचा सारखे एक डोळा मिटून बघत होते. दुसरा शाबूत होता. त्या दिवशी आमच्या हाताला लागलेलं तेवढंच.

* * *

ठाण्याला वाचनालयात एका विद्वान गृहस्थांचं 'कोकणातील हबशी' या विषयावर व्याख्यान होतं. म्हटलं, एवढा विद्वान माणूस, साक्ष देईल. आम्ही चौघं गेलो. मास्तरांना आत खुर्ची मिळाली. आम्हांला व्हरांडा. विषय आत, आणि माणसं बाहेर!

गृहस्थ म्हणाले, "ही जमात आता जवळजवळ नामशेष झाली आहे."

हलीमाखाला खिडकीतून ओरडली, "अहो, मग रोज माझ्या चुलीपुढं चौदा जण बसतात ते कोण?"

सभेत हशा. गृहस्थ गोंधळले. मग म्हणाले, "अपवाद असतातच."

व्याख्यान संपल्यावर तेच बाहेर आले, अगदी गोड हसत. म्हणाले, "बाई, आमच्याकडे पाहुणे आलेत. तुमचा तो ढोलाचा नाच, धमाल की काय म्हणता, तेवढा करून दाखवाल का?"

खाला म्हणाली, "आम्ही नामशेष ना हो? दम लागतो!"

साक्ष अर्थातच मिळाली नाही. पण येताना खाला इतकी हसत होती, की मला पहिल्यांदाच रडू आलं. पावसाळ्याला दीड महिना उरला होता, आणि चौदा जणांची ती चूल कुठं हलवायची हे कुणालाच माहीत नव्हतं.

* * *

शेवटी मामलेदार जागेवर चौकशीला आले. विहिरीजवळ टेबल मांडलं. कारकून तोच, देवरुखवाला. समोर शेठचं दुमजली घर; वरच्या खिडकीत त्यांची म्हातारी आई नेहमीसारखी बसलेली.

शेठनी पांढऱ्या मिशांवरून हात फिरवत जबानी दिली. "साहेब, मी जन्मलोच या समोरच्या घरात. माझ्या लहानपणी इथं नुसती बोरींची झुडपं. हे लोक आले दहा-बारा वर्षांमागं."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. "काही उरलंय तुमच्याकडे?"

हलीमाखाला म्हणाली, "आमची यादी उरलीय."

"द्या."

"देता येत नाही. ऐकावी लागते."

आमच्यात रीत आहे. पिराच्या उरुसाला बायका ढोलावर आळीतल्या मेलेल्या सगळ्या माणसांची नावं गातात, आणि ज्यानं त्यानं काय केलं तेही. कागद आमच्याकडे कधी नव्हताच, हेच होतं. खालानं ढोल पुढं ओढला आणि सुरू केलं. बिलाल, विहीर खणणारा. मरियम, सुईण. सालेह, पुरात होडी हाकणारा. कारकून घामाघूम होऊन लिहीत होता.

अर्धी नावं झाली आणि मग ती जागा आली. तिथं दरवर्षी नाव येत नाही, नुसते ढोलाचे तीन ठोके पडतात. लहानपणी मी का म्हणून विचारलेलं, तर आईनं पाठीत धपाटा घातलेला.

खालानं तीन ठोके दिले. कारकुनानं लेखणी उचलली. "हे काय लिहू?"

शेठ मोठ्यानं हसले. "बघा साहेब! रचलेलं सगळं! एक नाव रचायचं राहिलं वाटतं!"

"बाई, इथं कुणाचं नाव आहे?" साहेबांनी विचारलं.

खाला गप्प. हलीमाखाला आणि गप्प! मी तिच्या कानाशी लागलो, "खाला, सांग ना! घरं जातील गं!" ती म्हणाली, "दिलेला शब्द आहे. जातील तर जातील."

"मग मला ही यादी..." साहेब कागद बाजूला सारू लागले.

तेवढ्यात वरून आवाज आला. चिरका, पण ढोलाच्या ठेक्यात बरोबर बसलेला.

"जमीला! बाळ्याला पाजणारी!"

सगळ्यांच्या माना वर. शेठची आई खिडकीचा गज धरून उभी होती.

"आई, आत जा!" शेठ ओरडले.

"तू गप रे! साहेब, लिहा. मला बाळंतज्वर झालेला, दूध आटलेलं. या विहिरीजवळच्या घरातली जमीला दिवसातून चारदा जिना चढून यायची, वर्षभर. लोक काय म्हणतील म्हणून सासूबाईंनी तिच्याकडून शब्द घेतला, हे कुठं बोलायचं नाही. ती बोलली नाही, तिचे लोक बोलले नाहीत; काम सांगता येईना म्हणून तिचं नावही गायलं नाही. मी दरवर्षी ते तीन ठोके ऐकते इथं बसून. पुरे झालं आता."

कारकुनानं लिहिलं आणि विचारलं, "आजी, बाळ्या कोण?"

"हा काय, तुमच्या शेजारी पगडी घालून उभा आहे तो."

मामलेदारसाहेबांनी लेखणी कारकुनाच्या हातून स्वतःकडे घेतली, शाईत बुडवली, आणि फार अदबीनं विचारलं,

"शेठ, वय काय आपलं?"