पाय टेकला की नापास

आधीच माफी मागतो. मला लिहायची सवय नाही. घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर मी कधी पानभर लिहिलेलं नाही. विषयही काय, तर चोविसाव्या वर्षी मोटारसायकल शिकलो. आमच्याकडं पोरं नववी-दहावीतच शिकतात. माझं का राहिलं, तेवढंच सांगायचंय.

मी चौथीत होतो. पाय मोडला होता. तालुक्याला, लोह्याच्या दवाखान्यात प्लास्टर घालून दादा, म्हणजे माझे वडील, मला गाडीवर मागं बसवून गावाकडं आणत होते. गावात शिरताना पार लागतो. गावातली निम्मी जमीन ज्यांची, ते मालक तिथं बसलेले असतात. आमच्या वस्तीतल्या माणसानं पाराच्या अलीकडं गाडी बंद करायची, उतरायचं आणि ढकलत पुढं न्यायची. असं कुठं लिहिलेलं नाही. पण सगळे उतरतात. दादाही उतरले. मी बसून राहिलो.

"पोरगं बसूनच हाय की रं," मालक म्हणाले.

"पाय मोडलाय जी त्याचा."

"एक मोडलाय ना? दुसरा हाय की."

पारावर हशा पिकला. दादांनी माझ्याकडं पाहिलं नाही. नुसता हात पुढं केला. मी उतरलो. सीटला धरून, एका पायावर उड्या मारत पार ओलांडला. प्लास्टर अजून ओलं होतं.

पुढं दादा म्हणायचे, "शिक की गाडी. कामाला येती."

मी म्हणायचो, "ढकलायला काय शिकायचं?"



नांदेडला एमएला आलो. एका सर्वेक्षणात गावोगाव फिरायचं काम मिळत होतं, पण लायसन्स पाहिजे होतं. खोलीवरचा मित्र इम्रान गॅरेजवाल्याचा मुलगा. तो मला विष्णुपुरीच्या रस्त्यावर शिकवायला लागला. मागं बसून ओरडायचा.

"अबे, सिग्नल न्हाई, गड्डा न्हाई. टपरी दिखी की तेरा पाव नीचे. क्यूं बे? चाय पीना है क्या?"

मलाही कळत नव्हतं. मग लक्षात आलं. रस्त्याकडेला चार माणसं बसलेली दिसली, की माझा हात क्लचवर जातो. गाडी मंदावते. पाय जमिनीला लागतो. मी ठरवत नाही. आपोआप होतं.

त्याला पाराचं सांगितलं. इम्रान हसला नाही. गाडीचा आरसा उगाच पुसत राहिला. मग म्हणाला, "ट्रायल में भी लोग बैठे रहते. देख ले."

आरटीओच्या ट्रायलला खरंच बसलेले होते. आठच्या आकड्यासारखं वळण, आणि बाजूला झाडाखाली नंबर लावून माणसं. माझा पाय खाली गेला.

"पाय टेकला की नापास," साहेब म्हणाले. "एमए करताय म्हणे. पोरंटोरं पास होतात इथं."

झाडाखाली कुणीतरी हसलं. मी मान खाली घालून उतरलो, गाडी ढकलत फाटकाकडं निघालो. अर्ध्यात आलो तेव्हा आवाज ऐकू आला. गाडी चालू होती. इंजिन चालू असताना मी ती ढकलत होतो. मला कुणी सांगितलंही नव्हतं.

थांबलो. वर बसलो. त्या सगळ्यांसमोरून चालवत बाहेर पडलो.

पुढच्या ट्रायलला पाय वरच राहिला.

लायसन्स दाखवायला गावी गेलो. एसटीनं. दादांना म्हटलं, "आता गाडी मी चालवतो. पाराजवळ उतरणार नाही."

"तू जाशील नांदेडला," दादा म्हणाले. "आमाला हितंच ऱ्हायचं हाय."

चिडून नाही. थकून म्हणाले. मीही थकलो. निघताना मात्र त्यांनी आपल्या गाडीची दुसरी चावी माझ्या हातात ठेवली. "असू दे तुझ्यापाशी." का, ते सांगितलं नाही. ती चावी खिशात घेऊन मी गावोगाव सर्वेक्षण करत फिरलो. आमच्या गावी तेवढा गेलो नाही.

काल संध्याकाळी मायचा फोन आला.

"तुझे दादा आज उतरले न्हाईत रं."

"मग?"

"मालकाच्या माणसांनी आडवलं. चावी काढून घेतली. म्हणले, ने आता ढकलत. दादांनी ढकलली न्हाई. तिथंच सोडून चालत घरी आले."

"आता गाडी कुठंय?"

"पारासमोरच उभी हाय. कुणी हात लावीना." मग म्हणाली, "दादा इचारायलेत, दुसरी चावी हाय का तुझ्यापाशी?"

"हाय," मी म्हणालो.

आज निघतोय. पारावर माणसं बसलेली असतील तेव्हाच पोचेन. भीती वाटते. गाडी मात्र घरापर्यंत बसूनच नेणार.