दोन शब्दांचं वचन

आमच्या घरात जेवायला बसलं की आधी वचनं. लहानापासून मोठ्यापर्यंत प्रत्येकानं पवित्र शास्त्रातलं एक वचन तोंडपाठ म्हणायचं, शेवटी पप्पांनी, मग प्रार्थना, मग ताटाला हात. कुणी अडखळलं की सगळ्यांच्याच भाकरी निवायच्या. पाठांतर झालेलं नसलं की मी आणि थोरला भाऊ लबाडी करायचो. 'येशू रडला' असं दोन शब्दांचं वचन आहे, त्याचा मित्र मेला तेव्हाचं, सगळ्यात छोटं. ते म्हणून मोकळं व्हायचं. शेवटी पप्पांनी त्यावर बंदीच घातली. "आळशाचं वचन हाये ते. या घरात धरलं जाणार न्हाई."

पप्पा भोकरदन तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी कधीमधी जालन्याच्या चर्चमध्ये उपदेश करायचे. उत्तर बरोबर आलं तरी मधली पायरी गाळली की मार्क कापायचे. पोटच्या पोरीचेही कापले, आणि तेही वर्गासमोर.

मी तत्त्वज्ञान शिकायला औरंगाबादला गेले आणि पहिल्याच नाताळाला शहाणपण घेऊन घरी आले. माझी पाळी आली तशी म्हणाले, "माझ्याकडं वचन न्हाई, प्रश्न आहे. देवाला सगळं आधीच ठाऊक असेल तर प्रार्थना कशाला? आणि ठाऊक नसेल तर तो देव कसला?"

पप्पा गप्प. गप्प बसले म्हणजे आपण जिंकलो, असं वाटून मी आणखी एक ठेवून दिली. "गणितात पायरी गाळली की मार्क कापता. इथं तर तुम्ही सगळ्या पायऱ्या गाळून थेट उत्तरावर उभे." आईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. पप्पांनी भावाकडं बघितलं आणि म्हणाले, "पुढचं."

त्या दिवसापासून माझ्या पाळीला 'पुढचं'. रागानं नाही, टोमण्यानं नाही, नुसतं 'पुढचं'. अशी कितीतरी वर्षं गेली. न मानता वचन म्हणणं म्हणजे ढोंग, आणि ढोंग आपल्याला जमत नाही, असं मी स्वतःला सांगायचे. खरं सांगायचं तर माझी खोड वेगळीच होती. आधी त्यांनी हार मानावी, मग बघू, असं मला वाटायचं.

या विषयावर ते एकदाच बोलले. अंगारकीला राजूरच्या गणपतीच्या रस्त्यावर गर्दीत आमची स्कूटर अडकली होती. पायी निघालेली माणसं दोन्ही बाजूंनी पुढं जात होती. मागं न वळता पप्पा म्हणाले, "पायरी मी गाळली न्हाई, बाई. मला ती येत न्हाई. गाळणं येगळं आन् न येणं येगळं. येत न्हाई तिथं जागा रिकामी सोडावी, खोटं लिहू नये. मी जागा सोडेल हाये."

"मंग उत्तर तरी कशावरून लिहिलं?"

"मी कुठं लिहिलं? फळ्यावर आधीच होतं ते," ते म्हणाले, आणि रस्ता मोकळा झाला. मी ते हसण्यावारी नेलं.

आता मी अंबडच्या कॉलेजात देवाच्या अस्तित्वाचे युक्तिवाद शिकवते. सकाळी कापूस वेचून वर्गात आलेल्या पोरी विचारतात, "मॅडम, तुम्ही मानता का?" परीक्षेला येत नाही ते, असं सांगून मी पान उलटते.

मागच्या वर्षी पप्पांना लकवा मारला. वाचा गेली, उजव्या हाताचं बोट तेवढं हलायचं. वचनं मात्र चालूच होती. त्या बोटानं ते पाळी दाखवायचे, माझ्यावरून पुढं सरकायचे. एका संध्याकाळी बोट माझ्यापाशी आलं आणि पुढं गेलंच नाही.

आई म्हणाली, "बोल की गं. वाट पाहून राह्यले ते."

मला शेकडो वचनं पाठ होती, त्यांनीच पाठ करून घेतलेली. एकेक जिभेवर आणलं आणि तपासलं. हे मानते का? नाही. ते? तेही नाही. पेपर तपासावेत तशी मी एकेकावर काट मारत बसले, आणि समोर तोंड वाकडं झालेला माझा बाप माझ्याकडं बघत होता. वरण गार झालं. मग ते बोट हळूच भावाकडं सरकलं. आठवडाभरात पप्पा गेले.

दफन झालं, पाहुणे पांगले. तिसऱ्या दिवशी आई, भाऊ आणि मी, तिघंच जेवायला बसलो. पाळी आता आई सांगत होती. माझ्यावर आली, आणि काही कळायच्या आत ते दोन शब्द तोंडून गेले. त्यात मानण्या-न मानण्यासारखं काहीच नव्हतं. एक माणूस आपल्या माणसाच्या मरणावर रडला, बस. हे मला त्यांच्यासमोर म्हणता आलं असतं, एकही पायरी न गाळता. आळशाचं म्हणून टाकून दिलेलं, म्हणून मी ते तपासायलाही घेतलं नव्हतं. एवढं तर्कशास्त्र शिकवते, आणि हे सुचायला बापाला मातीत ठेवावं लागलं. मला माझी लाज वाटली, आणि खूप रडू आलं.

आई माझ्याकडं बघत राहिली. "त्यांनी धरलं नसतं हे," ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसलं. "पर ऐकलं असतं."

भावानं त्याचं वचन म्हटलं, आईनं तिचं. शेवटची पाळी पप्पांची. ती आम्ही रिकामी सोडली, आणि बऱ्याच वेळानं भावानं भाकरी मोडली.