आक्कासाठी भरलेली कॅसेट

माझ्या चुलत सासऱ्यांइतका, म्हणजे आमच्या मामांइतका, नियमाने जगणारा माणूस केज तालुक्यात दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. तहसील कचेरीत रांगेसाठी लोखंडी नळ्या ठोकलेल्या होत्या. एका दुपारी तिथे चिटपाखरू नव्हतं. खिडकीतला कारकून म्हणाला, "मामा, या की सरळ." मामा पार मागे गेले आणि नळ्यांमधले सगळे वळसे घेत खिडकीशी पोचले. त्यांच्यामागून मीही. जावयाला दुसरा इलाज नसतो.

त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडीशी रेडिओ. गाणं लागलं की विक्री बंद. एकदा एक गिऱ्हाईक मध्येच भाव विचारू लागलं, तर मामा हळू आवाजात म्हणाले, "बाई समोर बसून गायली असती तर बोलला असतास का बे?" तो बिचारा आवाज नको म्हणून पातेलं पोटाशी धरून गाणं संपेस्तोवर उभा राहिला. बसस्टँडवर नकली कॅसेटींचे ढीग असायचे, पण मामांनी त्यांना कधी हात लावला नाही. "गळा झिजवला तिनं, आन् फुकट नेणार ह्यो," एवढंच म्हणायचे.

घरोघर व्हीसीडी प्लेअर येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मामांची थोरली बहीण, आक्का, नांदूरघाटला राहायची. मांडीचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली होती. मामा लहान असताना आक्काच त्यांना खांद्यावर बसवून एका बाईंचं गाणं ऐकायला घेऊन गेली होती. गाण्याचं वेड तिथून लागलं. त्या बाईंच्या जुन्या गाण्यांची सीडी निघाल्याचं कळलं आणि मी ती औरंगाबादहून आणून दिली. आक्काकडे उशाशी साधा टेपरेकॉर्डर होता. सीडीवरून कॅसेट भरायची आणि तिला नेऊन द्यायची, असा मामांचा बेत होता.

पण सीडी लागेना. घरच्या व्हीसीडी प्लेअरमध्ये ती नुसतीच गरगर फिरायची आणि थांबायची. कॉम्प्युटर क्लासमध्ये नेली, तिथेही तेच. क्लासच्या सरांनी वेष्टनाच्या मागचा बारीक मजकूर वाचून दाखवला : कुणी नक्कल करू नये म्हणून तिच्यात आतूनच बंदोबस्त केला होता, त्यामुळे कॉम्प्युटर किंवा व्हीसीडीवर ती लागणारच नव्हती. सर म्हणाले, "मामा, हीच गाणी स्टँडवर मिळत्यात. कुठंबी वाजतंय ते." मामांनी सीडी रुमालात गुंडाळली आणि ते उठले.

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. 'आम्ही पातेले विकतो. गिऱ्हाइकाने ते कोणत्या चुलीवर ठेवावे हे सांगत नाही. तरी खुलासा व्हावा.' दीड महिन्याने इंग्रजीत उत्तर आलं. मीच वाचून दाखवलं : सीडीत दोष नाही, ती मुद्दाम तशी केलेली आहे, नक्कल करण्यास मनाई आहे. मामांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "चोर सापडंना, म्हणून घेणाऱ्यालाच कुलूप." तोवर आक्काचं खाणं कमी झालं होतं.

पाटोद्याच्या एका लाउडस्पीकरवाल्याकडे गाणी वाजवायचा जुना, साधा सीडी प्लेअर असल्याचं मला कळलं. जीपने गेलो. सीडी घातली आणि बाईंचा आवाज आला. मामांनी चपला काढल्या. लाउडस्पीकरवाल्याने वायर जोडून कोरी कॅसेट घातली आणि बटणावर बोट ठेवलं, तसा मामांनी त्याचा हात धरला.

"जावईबापू, ह्ये चोरी तर न्हाई?"

"मामा, तुम्ही विकत घेतलीय. सख्ख्या बहिणीला ऐकवताय."

"पण एकाच्या दोन व्हत्यात की."

मग त्यांनी स्वतःच तोड काढली. "कॅसेट तिकडं हाय तवर सीडी म्या लावायची न्हाई. एकच घेतली, एकाच जागी वाजंल." आणि हात सोडला.

नांदूरघाटला आक्काने डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली. शेवटी म्हणाली, "तू तवा निम्म्यातच झोपला व्हतास. खांदा भरून आलता माझा." मामा तिचे पाय चेपत बसले होते.

पुढे सात-आठ महिने आक्का रोज ती कॅसेट लावायची. शेजारची एक धनगराची म्हातारी, शेळ्या बांधून झाल्या की, तिच्यापाशी ऐकायला येऊन बसायची. आक्का गेली. तेराव्यानंतर सामान आवरताना मामांनी टेपरेकॉर्डर कॅसेटीसकट त्या म्हातारीच्या हातात दिला. ती नको नको म्हणत होती.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी दुकानात बसलो असताना मी विचारलं, "मामा, सीडी आता काढा की. माझ्याकडे ती वाजेल असं मशीन आहे. तुम्हाला ऐकावंसं वाटत नाही?"

"लई वाटतंय," ते म्हणाले. घड्याळाकडे बघून त्यांनी रेडिओ बारीक केला. "पण ह्या वक्ताला ती म्हातारी लावत असंल."