गारगोटीची गाडी आणि हुक्केरी मॅडम

शिवगंगा हुक्केरी मॅडमचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढं जात नसे. लोकप्रशासन शिकवायला एवढा पुरे, अशी त्या स्वतःची समजूत घालायच्या. पण १९७९ साली अभ्यासक्रमात 'नेतृत्व' हा नवा भाग आला आणि कुणालाच नको म्हणून विभागप्रमुखांनी तो त्यांच्या गळ्यात घातला.

"मी? सर, घरात माझं मांजरसुद्धा ऐकत नाही."

"मग मुलांना ऐकवा," म्हणत सर चहाला गेले.

दोन आठवडे मॅडमनी नेतृत्वाचे गुण लिहून दिले. एके दिवशी जोतीरामनं जांभई देत देत 'धडाडी' असं लिहून घेतलेलं त्यांनी पाहिलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी वही मिटली.

"आता लिहायचं बंद. गारगोटीची गाडी रोज वीस मिनिटं उशिरा येते. तुमच्यातल्या सात जणांचा पहिला तास बुडतो. महिन्याभरात ती वेळेवर आणायची. मोर्चा नको आणि पुढाऱ्याची चिठ्ठीही नको."

जोतीराम शहरातल्याच शिवाजी पेठेतला. फुटबॉलच्या मैदानावर ओरडून त्याचा गळा तयार झालेला. पुढारी म्हणून त्याला कुणी निवडलं नाही, तोच उभा राहिला. त्या गाडीत मात्र तो जन्मात बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो वीस पोरं घेऊन स्टँडवर गेला आणि गाडी लागताच बाकड्यावर चढला. "विद्यार्थ्यांचा अंत पाहू नका!" इथून सुरू झालं ते दहा मिनिटं चाललं. ड्रायव्हर आकारामनं खाली उतरून सगळं ऐकून घेतलं.

"झालं बोलून?"

"झालं."

"मग सरका की पावणं. गाडी मागं घ्यायची हाय."

सगळा स्टँड हसला. रसाच्या गाड्याआड उभ्या असलेल्या मॅडमना वाटलं, पुढं व्हावं, पोराची बाजू घ्यावी. पण हे काम मुलांचं, असं म्हणून त्या थांबल्या. खरं तर त्यांनाही आकारामची भीतीच वाटली होती.

चौथ्या दिवशी वर्गात लीला उभी राहिली. ती गारगोटीकडची, वर्षभरात एक शब्द न बोललेली.

"मॅडम, मी रोज त्याच गाडीनं येतो. चूक डायवरमामांची न्हाय. फाट्यावर गुंडू गवळी एकटाच दुधाचे चौदा कॅन टपावर चढवतोय. त्येचा खांदा दुखतोय. तिथंच पंचवीस मिन्टं जात्यात."

"मग इतके दिवस बोलली का न्हाईस?" जोतीराम भडकला.

"तू इचारलंस कुठं?"

वर्ग खदखदला. जोतीराम कानापर्यंत लाल झाला; पण गडी दिलाचा मोठा. त्याच संध्याकाळी फाट्याजवळच्या आत्याच्या गावी जाऊन राहिला आणि सकाळी फाट्यावर हजर. लीलानं गाडीतल्या पोरापोरींना खाली उतरवून रांगेत उभं केलं, हा टपावर चढला. "धर! वर दे! पुढचा!" त्या गळ्याचा उपयोग अखेर झाला. चौदा कॅन पाच मिनिटांत वर गेले. फक्त शेवटच्याचं झाकण उडालं आणि जोतीरामला डोक्यापासून दुधाची आंघोळ झाली.

"दूध वतलंस लेका," गुंडू म्हणाला, "पर खांदा वाचिवलास माझा."

गाडी वेळेवर आली. रोज चढवायला कोण उतरणार, हे लीलानं आठवड्याचे वार ठरवून वाटून दिलं. पहिल्या तासाला साती जण दिसू लागले. त्यातले तिघे झोपायचे, ती गोष्ट वेगळी.

परीक्षेत नेतृत्वावर प्रश्न आला. लीलानं चार पानं दुधाच्या कॅनवर लिहिली. परीक्षकांनी वीसपैकी सहा दिले. मॅडम फार हळहळल्या. लीलाच त्यांना म्हणाली, "जाऊ दे की मॅडम. त्यास्नी फाटा ठावं न्हाय."

पुढच्या वर्षीच्या मुलांना मॅडमनी कॉलेजचा विस्कळीत सायकल स्टँड शिस्तीत आणायचं काम सोपवलं. मुलांनी पाच पुढारी निवडले, तीनदा भांडणं केली. अखेर कंटाळून शिपाई ज्ञानूनंच फरशीवर चुन्यानं रेघा मारल्या. मॅडमनी त्याला वर्गात बोलावलं आणि अनुभव सांगायला लावलं. ज्ञानूनं टोपी काढून हातात घेतली.

"काय सांगू?" तो म्हणाला. "सायकली नीट लावा की रं!"